रेखाची अळंबी आणि आम्हा तिघांचे पंप

आमचे हे किस्से मी लिहून काढतेय, कारण डॉक्टर ते चुकीचे सांगतात. प्रत्येक वेळी सांगताना त्यांचा स्क्रूड्रायव्हर मोठा होतो आणि माझा लहान!

समुद्राच्या पाण्याची, माशांची टाकी घरात ठेवली की किस्से मागायला जावं लागत नाही. टाकीत ज्या कोपऱ्यात पाणी फिरत नाही तिथे गाळ धरतो ना, तसे ते धरतात. दर रविवारी आम्ही टाकीवाले चौघं कुणाच्या तरी घरी जमतो, थोडे उपसतो, आणि पुढच्या रविवारी पाहावं तर परत तेवढेच.

आधी माझं सांगते. मी सातवी पास. सानपाड्याला आमचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. नवऱ्याने अंथरूण धरलं तेव्हा "दुकान विकून टाक" असं सांगायला नातेवाईक गावाहून गाडी करून आले. मी एक जळकी मोटर घरी आणली, तिची तार एकेक वेढा मोजत उलगडली आणि तेवढेच वेढे परत भरले. मोटर फिरली. पुढे सव्वीस वर्षं दुकान मी चालवलं. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणाचं ऐकायची सवयही लागली नाही. आता बहात्तर वय आहे, नेरूळला राहते, आणि मला आजी म्हटलेलं चालत नाही. मावशी म्हणायचं.

* * *

डॉक्टर साळवी दातांचे डॉक्टर. त्यांच्या क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत चार फुटी टाकी आहे. पेशंटचं मन रमावं म्हणून!

मी दाढ काढायला गेले होते. खुर्चीत आडवी, तोंडात कापूस, आणि बाहेरून आवाज येतोय, खर्रर्र टक, खर्रर्र टक. डॉक्टर पक्कड घेऊन वाकले. मी त्यांचा हात धरला, कापूस थुंकला आणि म्हटलं, "डॉक्टर, तुमचा पंप रडतोय."

"मावशी, आधी दाढ..."

"दाढ तीन महिने दुखतेय, अजून अर्धा तास दुखेल. तो पंप अर्धा तास काढणार नाही."

बाहेर जाऊन पंप काढला. आतल्या दांडीवर मिठाचं आणि चुन्याचं पांढरं कवच बसलेलं, मग पातं फिरणार कसं? खालच्या चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगर मागवलं, चूळ भरायच्या बेसिनमध्ये पंप बुडवला आणि डॉक्टरांच्याच दात कोरायच्या आकड्याने खरवडायला बसले. डॉक्टर बॅटरी धरून उभे.

तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या आकड्याकडे बघितलं, आणि घाबरून विचारलं, "मॅडम, माझं रूट कॅनल तुमीच करणार का?"

पंप सुरू झाला. खूश होऊन डॉक्टरांनी त्यांची एक जुनी टाकी मला देऊन टाकली. दाढ राहिलीच. अजून आहे.

* * *

आमच्यातली तिसरी रेखा. बँकेत आहे, मूळची साताऱ्याकडची. तिची बदली साताऱ्याला झाली तेव्हा बँकेतल्यांनी पेढे वाटले. माहेर जवळ, आईच्या हातचं जेवण, आणखी काय पाहिजे! एकटी रेखा रडत होती, कारण टाकी मोडावी लागणार होती.

मासे डॉक्टरांनी नेले. दगड चौथ्या मेंबरने, म्हणजे जासईच्या पाटलांनी नेले. उरली अळंबी.

अळंबी हे आम्ही ठेवलेलं नाव. खरं नाव लेदर कोरल. खाली जाड देठ, वर छत्री, आणि खुशीत असली की छत्रीवर मऊ केसांसारखे तंतू बाहेर काढून पाण्यात डोलते. रुसली की सगळे तंतू आत! मग रबराचा तुकडा पडल्यासारखी दिसते. (दगडी पोवळी घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे आणि ती बरोबरच आहे. आमची सगळी मऊ जात.)

रेखाने ती बोटाच्या पेराएवढी असताना आणली होती. "लग्नाआधीपासूनची आहे, मावशी," ती म्हणाली. "घर बदललं, आडनाव बदललं, हीच काय ती माझी राहिली. परत आले की न्यायला येईन. जगेल ना?"

मी छाती पुढे काढून सांगितलं, "माझ्या हातून आजवर एक मोटर मेली नाही. ही तर जिवंत आहे!"

डॉक्टर मागून हळूच म्हणाले, "मावशी, जिवंतच मरतात."

* * *

आणि दुसऱ्याच दिवशी अळंबीने तोंड मिटलं.

पाच दिवस झाले, आठ झाले. छत्रीवर मेणासारखा पातळ पापुद्रा धरला. ही जात अधूनमधून कात टाकते, हे मला माहीत होतं. पण कात वाहून न्यायला पाणी नीट अंगावरून गेलं पाहिजे. नाही गेलं तर खालचं अंग सडतं. म्हणजे प्रश्न पाण्याच्या फिरण्याचा होता, आणि पंपाच्या बाबतीत मी कुणाला विचारणार? मी!

डॉक्टरांना कुणी विचारलंच नव्हतं, तरी ते कॅल्क्युलेटर घेऊन आले. टाकीचं पाणी किती लिटर, तासाला ते किती वेळा फिरलं पाहिजे, गुणिले वीस, भागिले दोन. "मावशी, सायन्स आहे हे." आणि पिशवीतून दोन भलेमोठे वेव्हमेकर काढले. वेव्हमेकर म्हणजे टाकीत लाट उठवणारा पंखा. एक डावीकडे लावला, एक उजवीकडे, तोंडं समोरासमोर.

स्विच दाबला मात्र, तळाची वाळू उठली! दोन मिनिटांत टाकीचं पन्हं झालं. मासे कुठे गेले कळेना. वाळू बसल्यावर पाहिलं तर अळंबी दगडासकट आडवी, आणि माझा नारिंगी मासा तिच्यामागे तोंड लपवून उभा.

मी प्लग ओढला. "डॉक्टर, हे कोरल आहे. दातातली कीड नाही!"

त्या रविवारी रेखाचा व्हिडिओ कॉल आला. दर रविवारी यायचा. मी फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि बोलत राहिले. हवा कशी आहे, आई कशी आहे, पाऊस आहे का.

"मावशी, कॅमेरा तुमच्यावर आहे. तिच्यावर करा ना."

"माझ्याकडे बघायला काय झालं तुला?" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

* * *

आता पाटील. जासईला कंटेनर यार्डात सुपरवायझर आहेत. मनाने सोन्यासारखा माणूस, पण हाताला स्वस्थ बसवत नाही.

माझ्या टाकीखालच्या कपाटात दुसरी टाकी आहे. वरचं पाणी खाली उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते पाइपने परत वर ढकलतो. त्या पाइपला वर, पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली, मी सुईने एक बारीक भोक पाडलंय. लाइट गेली की पाइपातून पाणी उलटं खाली यायला लागतं. पातळी जरा उतरली की भोकातून हवा शिरते आणि पाणी तिथेच थांबतं. एका भोकावर सगळं घर कोरडं राहतं.

अळंबीच्या अंगावर पाणी जावं म्हणून पाटील पाइपचं तोंड वळवायला आले होते. मी आत चहा टाकत होते. त्यांना त्या भोकातून पिचकारी उडताना दिसली. त्यांनी खिशातून पुट्टी काढली आणि छान बुजवून टाकलं. मला सांगितलंही नाही. उपकार सांगून करायचे नसतात म्हणे!

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता लाइट गेली. मी बाजारात होते. येऊन दार उघडलं तर हॉलमध्ये चपला तरंगतायत. वरची टाकी अर्धी रिकामी, खालची भरून वाहून गेलेली. अळंबीच्या छत्रीवर जेमतेम चार बोटं पाणी उरलं होतं. मी तशीच ओल्या साडीने बसून तांब्याने पाणी वर भरायला लागले.

खालच्या मजल्यावरच्या बाई तणतणत आल्या. "मावशी, आमच्या सीलिंगमधून पाणी टपकतंय! आणि खारट आहे!"

"मग चाखलंत कशाला?"

पाटील संध्याकाळी फरशी पुसायला आले. पुसता पुसता म्हणाले, "मावशे, भोक ठेवायचा होता तर त्यावर पाटी लावायची ना."

लावली. अजून आहे. 'हे भोक मुद्दाम आहे.'

* * *

पाटलांची टाकी हा वेगळाच विषय. त्यांचे आजोबा खाडीत मासे धरायचे, त्यामुळे भरती-ओहोटी या माणसाच्या रक्तात. त्यांच्या टाकीला टायमर नाही. भिंतीवर पंचांग आहे! अमावास्या-पुनवेला उधाण, म्हणून पंप फुल. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे समुद्रालाच जोर नसतो, म्हणून पंप एकदम हळू. घरातले तिथी बघून उपास करतात, हे पंप फिरवतात.

डॉक्टर पोट धरून हसले. "पाटील, टाकीला चंद्र कुठून दिसणार?"

"टाकीला नाय दिसत, मना दिसतो ना."

माझ्या अळंबीकडे बघून त्यांनी निदान केलं, "आज सप्तमी हाय. ती कशी उघडंल? पुनवेला बग."

मी असल्या गोष्टी मानत नाही. आमच्या घरी मुहूर्त बघून कधी काही झालं नाही, लग्नंसुद्धा नाही. तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण एक खरं आहे. पाटलांच्या टाकीत कोपऱ्यात गाळ दिसत नाही. पंधरा दिवसांतून एकदा जोराचं पाणी आलं की दगडामागचं सगळं निघून येतं. आणि पुनवेला माझ्या अळंबीचा अर्धा पापुद्रा सुटला, हेही खरं आहे. आता तो मी पंप जरा वाढवला म्हणून की कशाने, त्यात मी जात नाही.

चार दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. उगाच इकडचं तिकडचं बोलले, मग आवाज खाली आणून विचारलं, "मावशी, सहज म्हणून विचारतो... आज तिथी काय आहे?"

* * *

शेवटी अळंबी उघडली ती कशाने, हे ऐका.

डॉक्टरांचे राक्षस मी परत केले आणि माळ्यावरचा माझा जुना, स्वस्तातला वेव्हमेकर लावला. या पंख्यांच्या पात्याला नखाएवढी प्लॅस्टिकची खुंटी असते. पातं उलटं फिरायला लागलं की खुंटी त्याला अडवते आणि सरळ फिरवते. माझ्या पंख्याची खुंटी कधीच तुटलेली. टायमरवर तो दर पाच मिनिटांनी बंद-चालू व्हायचा, आणि चालू होताना कधी पुढे फिरायचा, कधी मागे. त्याच्या मनाला येईल तसा!

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर अळंबीचे सगळे तंतू बाहेर, आणि वाऱ्यावरच्या शेतासारखी डोलतेय. कधी या अंगाने पाणी, कधी त्या अंगाने. खऱ्या समुद्रात तरी पाणी एकाच दिशेने कुठे येतं? मी ताबडतोब रेखाला फोन लावला आणि या वेळी कॅमेरा बरोबर धरला. बँकेत काउंटरवर बसून ती ओरडली म्हणे. रांगेतले लोक मागे सरकले.

मग मी आठ दिवसांसाठी गावी गेले. कोकणात आमच्या विहाराचं छप्पर घालायचं होतं. किल्ली पाटलांकडे दिली.

परत आले तर अळंबी मिटलेली! पाटील मात्र हसऱ्या तोंडाने उभे.

"मावशे, तुझा पंका बिगडला होता, उलटा फिरायचा. वाशीवरशी नवीन पाता आनून टाकला. आता बग, येकदम सरल!"

मी पिशवी खाली ठेवली. स्टुलावर बसले, पंखा बाहेर काढला आणि नवं कोरं पातं हातात घेतलं. सव्वीस वर्षांत मी लोकांचे बिघडलेले पंप नीट केले. नीट असलेला पंप कधी बिघडवला नव्हता. हात धजेना हो! शेवटी नेलकटर घेतलं, डोळे मिटले आणि ती खुंटी कट्‌कन तोडली.

पाटील कळवळले. "अगो, नवीन होता ना तो!"

"म्हणूनच चालत नव्हता," मी म्हटलं.

दोन दिवसांत अळंबी उघडली. पुढे ती बशीएवढी होती ती जेवणाच्या ताटाएवढी झाली. डॉक्टरांनी तसाच पंखा बाजारात शोधला. दुकानदार म्हणाला, "साहेब, बिघडलेला माल आम्ही ठेवत नाही."

* * *

दोन वर्षांनी रेखाची बदली परत इकडे झाली. सानपाड्याला पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, नवी टाकी मांडली, पाणी तयार केलं आणि अळंबी न्यायला आली. मी सांगितल्याप्रमाणे सांभाळली होती, शब्द पाळला होता. झाकणाच्या बादलीत घालून रिक्षाने मी स्वतः पोचवायला गेले. माझा बिघडलेला पंखाही दिला. रेखा म्हणाली, "मावशी, मी पाठवणी झालेली पाहिलीय, पण मुलीबरोबर पंखा दिलेला पहिल्यांदाच बघते."

आणि रेखाच्या घरी अळंबी मिटली.

दहा दिवस झाले. छत्री आकसली, कडा आत वळल्या, पापुद्रा धरला. बाराव्या दिवशी, रविवारी, रेखाचा फोन आला. आवाज बसलेला. "मावशी, तुम्ही परत घेऊन जा तिला. माझ्याकडे जगणार नाही. मी दोन वर्षं नव्हते, आता तिला माझं घर परकं झालंय."

"गप्प बस," मी म्हटलं. "आम्ही येतोय."

दुपारी आम्ही तिघे हजर. डॉक्टरांनी काचेला नाक लावलं आणि पाण्यात माशांच्या खाण्याचा चुरा सोडून तो कुठून कुठे वाहतो ते वहीत काढायला लागले. पाटील खिडकीत उभे राहून तिथी मोजत होते. मी चष्मा काढून बाजूला ठेवला, बाही वर केली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि डोळे मिटले. पाणी डोळ्यांनी दिसत नाही, हाताला कळतं.

"पंखा दोन बोटं डावीकडे," मी म्हटलं.

रेखाने केला.

"जरा वर."

"मावशी, चुऱ्याच्या हिशोबाने खाली पाहिजे," डॉक्टर.

"चुरा तुमचा, हात माझा! वर."

"आज नवमी हाय," पाटील. "हलू ठेव, रेखा."

असं अडीच तास. पंखा टाकीच्या चारही काचांना लावून झाला. दगड फिरवला, परत फिरवला. रेखा सोफ्यावर बसून नुसती आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. अळंबी रबराच्या तुकड्यासारखी पडलेली. माझा हात बधिर झाला, तेव्हा बाहेर काढला. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं, आणि ते या दोघांना कळू नये म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "बरोबर लागलाय आता. हात लावू नका कुणी! चला रे."

रेखा दारापर्यंत आली. डोळे भरलेले. 

आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. खाली गेटपाशी आलो आणि डोळ्यांपुढे सगळं धूसर. चष्मा! वर टाकीजवळच राहिला होता. मी मागे वळले, तेवढ्यात फोन वाजला. रेखा. मी स्पीकरवर टाकला.

"मावशी! उघडली! सगळे तंतू बाहेर काढलेत, डोलतेय नुसती!" रेखा हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

"पंखा हलवलास का?"

"नाही."

"मग काय केलंस?"

"मी काहीच नाही केलं," रेखा म्हणाली. "तुम्ही तिघे गेलात. मी दार लावून मागे वळले, तर ही अशी!"

डॉक्टरांनी वही मिटली. पाटील आकाशाकडे बघायला लागले.

"आणि मावशी, तुमचा चष्मा इथेच राहिलाय. येताय वर?"

मी रिक्षाला हात केला.